निवडणुकीला गेलेली शिडी

मित्रांनो, आधी माझे पाय मोजा. दोन पुढे आणि एक मागे, झाले तीन. चार पायांच्या टेबलाला उभं राहायला सपाट फरशी लागते, मला लागत नाही. डोंगराच्या उतारावर, दगडगोट्यांत, नांगरलेल्या मातीत, कुठेही उभी करा, मी हलणार नाही. जैतून, म्हणजे ऑलिव्हची फळं, झाडावरून उतरवायला वापरतात ती जुनी लाकडी शिडी म्हणजे मी. अजलूनच्या डोंगरातल्या ऐन-लोझ गावी, फिद्दा आजीच्या घरी माझा मुक्काम असतो. माझ्या जातीच्या शिड्यांनी जन्मभर झाडांना टेकावं आणि म्हातारपणी चुलीत जावं, अशीच रीत आहे. माझ्या वाट्याला मात्र विद्यापीठ आलं आणि एक सोडून दोन निवडणुका आल्या. आज तीच हकीकत सांगायला तुमच्यापुढे उभी आहे. उभं राहणं तेवढं मला चांगलं जमतं.

माझे पाय ओढ्याकाठच्या हौराच्या झाडाचे. हौर सरळ वाढतो आणि वजनाला हलका असतो. पायऱ्या मात्र ओकच्या, दणकट. गावच्या याकूब सुतारानं मला घडवलं, तेव्हा फिद्दा आजी ही आजी नव्हती, नवी नवरी होती. तिच्या नवऱ्यानं तिला पहिल्यांदा जैतुनाच्या रानात नेताना मला विकत घेतलं. याकूबनं शेवटची पाचर ठोकली, स्वतः सगळ्यात वरच्या पायरीवर चढून बसला, तिथेच एक सिगारेट पुरी ओढली आणि खाली उतरून म्हणाला, "जा घेऊन. माझं वजन पेललंय, तुझ्या बायकोचं पेलायला काय हरकत आहे?"

नवी नवरी लाजली नाही. म्हणाली, "माझं सोडा, माझ्या जिभेचं वजन पेलेल का ते बघा."

पेललं मित्रांनो, पुढची कित्येक वर्षं पेललं. शरद ऋतू आला की माझे दिवस येत. झाडाखाली चादरी अंथरल्या जात, मला बुंध्याशी उभं करत, आणि आजी वर चढून गायीचं दूध काढावं तसा फांदीवरून हात ओढी. जैतून टपटप खाली पडत. दुपारी रानातच तीन दगडांवर टोमॅटो परतले जात. माझ्या पायऱ्यांवर आजीची मुलं वाढली, मग मुलांची मुलं वाढली. आजी आल्या-गेल्याला सांगायची, "हिच्यावरून आजवर कुणी पडलं नाही. माशाल्ला म्हणा." दृष्ट लागू नये म्हणून लोक माशाल्ला म्हणायचे आणि मी मनातल्या मनात आणखी ताठ व्हायचे.

मग एका वर्षी आजीच्या थोरल्या मुलानं, सालिमनं, शहरातून ॲल्युमिनियमची शिडी आणली. चकचकीत, घडीची, अंगावर अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. ती बोटावर उचलता येते म्हणून सगळे खूश झाले. मला कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवलं ते कायमचं. हिवाळ्याच्या पावसानं माझा मागचा पाय फुगला. संध्याकाळ झाली की कोंबड्या आपापल्या पायरीवर येऊन बसत. सगळ्यात वरची पायरी एका म्हाताऱ्या पांढऱ्या कोंबडीची होती आणि तिथे दुसरी कुणी बसली की ती टोची मारून हाकलून देई. मी वाईट वाटून घेत नव्हते. कुणी तरी टेकतंय एवढं पुष्कळ होतं. पण शरदात रानाकडून हसण्याचे आवाज आले की पायांत कळ यायची.

आजीची नात जुमाना तेव्हा विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती, रसायनशास्त्राच्या. तिचे वडील आखातात क्रेन चालवायचे, त्यामुळे ती आणि तिची आई आजीजवळच राहत. एका संध्याकाळी ती तिच्या मैत्रिणीला, मैसूनला, घेऊन खुराड्यामागे आली आणि माझ्या खालच्या पायरीवर धप्पकन बसली. पिशवी जमिनीवर आपटली.

"पुन्हा अर्ध्यातच!" जुमाना म्हणाली. "द्रावणाचा रंग बदलायच्या बेतात होता. एक थेंब, फक्त एक थेंब राहिला होता. आणि चार वाजत आले. सर म्हणाले, 'निघालीस? मग मी अपूर्ण लिहितो.'"

"लिहू दे. माझ्या वहीत तर 'अपूर्ण' हाच विषय झालाय," मैसून म्हणाली. ती शेजारच्या गावची, अंगानं बारीक आणि आवाजानं दांडगी.

गोष्ट अशी होती मित्रांनो. डोंगरातल्या गावांकडे येणारी शेवटची बस विद्यापीठाच्या फाटकातून चार वाजता सुटायची. प्रयोगशाळा पाचपर्यंत चालायची आणि वाचनालय त्याहून उशिरापर्यंत. मुलं रस्त्यावर हात दाखवून कुणाच्याही गाडीत बसून घरी येत. मुलींना ते शक्य नव्हतं. त्यामुळे दररोज चारच्या आधी डोंगराकडच्या मुली हातातलं काम टाकून फाटकाकडे धावत सुटायच्या.

"कुणीतरी विद्यार्थी परिषदेत हे बोललं पाहिजे," जुमाना म्हणाली.

"मग तूच उभी राहा."

"कुठे?"

"निवडणुकीला, अजून कुठे? बस थांब्यावर तर रोज उभीच असतेस."

जुमाना हसली. मग तिचं हसू थांबलं आणि ती बराच वेळ नख चावत बसली. मला तिचं ओझं लहानपणापासून ठाऊक. गंमत करायला चढलेली जुमाना हलकी लागते, काही ठरवलेली जुमाना जड लागते. त्या संध्याकाळी ती जड लागली.

आठवड्याभरात तिनं अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. आईच्या एका जुन्या चादरीवर दोघींनी मिळून फलक रंगवला: 'प्रयोग पूर्ण करू. मग घरी जाऊ.' आता तो उंच टांगायला शिडी हवी. विद्यापीठाची शिडी भांडारात असायची, आणि भांडाराच्या कारकुनाकडे ती मागितली की एकतर चावी नसायची, नाहीतर सही नसायची. दुसऱ्या उमेदवारांना मात्र तीच शिडी लगेच मिळायची. मग एका सकाळी जुमानानं कोंबड्यांना हुसकावून मला उचललं. पांढरी कोंबडी दारापर्यंत ओरडत आमच्या मागे आली.

पण विद्यापीठात जायच्या आधी मध्ये शुक्रवार आला, आणि शुक्रवारी सगळं घराणं जैतुनाला रानात गेलं. काढून ठेवलेलीच होते म्हणून मलाही नेलं. कित्येक वर्षांनी माझे पाय रानाच्या मातीत रुतले. जुमाना माझ्यावर चढली आणि फांद्यांत दिसेनाशी झाली.

आता इथे कुतैबाची ओळख करून द्यायला हवी. हा सालिमकाकांचा मुलगा, जुमानाचा चुलतभाऊ, त्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. स्वभावानं हसरा, मनानं वाईट नाही, पण गाडीच्या आरशात केस विंचरल्याशिवाय गाडी सुरू न करणारा. सकाळी तो जुमानाला गाडीतून नेई, पण त्याचे तास दुपारीच संपत, म्हणून परतीला तिला बसच. त्या वर्षी घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेऊन, कॉफी पिऊन, अध्यक्षपदासाठी त्याचंच नाव ठरवलं होतं. घराण्याची पोरं-पोरी विद्यापीठात पुष्कळ होती आणि त्यांची मतं खिशात असल्यासारखीच धरली होती. जुमानाच्या अर्जाची बातमी काकांच्या मोबाइलवर नेमकी त्या शुक्रवारी, पोती भरत असताना आली.

काका माझ्या पायाशी येऊन उभे राहिले. "जुमाना, खाली ये."

"एवढी फांदी होऊ दे काका."

"खाली ये म्हणतो ना!"

"अर्धी फांदी टाकून आले तर आजी ओरडेल."

"ओरडेनच," चादरीवर पाला निवडत बसलेली फिद्दा आजी म्हणाली.

काकांनी आवाज चढवला. "घराण्यानं एक नाव ठरवलंय. तू उभी राहिलीस तर मतं फुटणार आणि तो खालच्या गावचा इयास निवडून येणार. लोक काय म्हणतील? ह्यांच्यात बहीण भावाच्या विरोधात उभी राहते म्हणतील!"

"मी कुतैबाच्या विरोधात नाही, चारच्या बसच्या विरोधात उभी आहे."

"बस, बस, बस! बससाठी कुणी निवडणूक लढवतं?"

तेव्हा दुसऱ्या झाडाखालून कुतैबाची आई हळूच म्हणाली, "आपली लेक रीमसुद्धा त्याच बसनं येते. धावताना गेल्या महिन्यात तिचा पाय मुरगळला होता. तुम्ही विचारलंत का कधी, कशानं मुरगळला?"

काकांनी त्या झाडाकडे वळून बघितलं. मग पुन्हा वर बघून म्हणाले, "आधी खाली ये, मग बोलू."

आजीनं पाला झटकला. "सालिम, मुलगी खाली हवी असेल तर वर जा आणि घेऊन ये. नाहीतर पोतं धर. जैतून तुझ्या बैठकीची वाट बघत नाहीत."

काकांनी माझ्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि पोतं धरलं. कुतैबा मात्र हसत होता. "असू दे हो बाबा. हिला पडून पडून मतं किती पडणार? वीस? त्यातली पाच तर कोंबड्यांची." त्यावर वरून एक टपोरा जैतून नेमका त्याच्या विंचरलेल्या केसांत पडला.

दुसऱ्या दिवशी काकांनी कुतैबाला ताकीद दिली, की गाडीतून जुमानाला न्यायचं नाही. त्यानंतरच्या सकाळी तो दारात गाडी घेऊन आला आणि खिडकीतून म्हणाला, "तुला घेऊ नको म्हणालेत. शिडीबद्दल काही बोलले नाहीत. मागे टाक तिला."

"आणि शिडी वाटेत पडली तर?"

कुतैबानं डोकं खाजवलं. "हं. कुणीतरी धरायला पाहिजेच. बस चल." अशा रीतीनं मित्रांनो, दोन विरोधी उमेदवार आणि एक शिडी एकाच गाडीतून प्रचाराला गेले.

विद्यापीठात काय धमाल होती म्हणून सांगू! फाटकापासून मोठ्या सभागृहापर्यंत फलकच फलक. कुणी ढोलकं वाजवतंय, कुणी खजुराचे तुकडे वाटतंय, कुणी कडू कॉफीचा पेला पुढे करतंय. जुमाना माझ्या तिसऱ्या पायरीवर चढून बोलायची, कारण त्याहून वर गेलं की वारा तिचे शब्द उडवून न्यायचा. पहिल्या दिवशी ऐकायला मैसून, रीम आणि एक वाट चुकलेला प्राध्यापक एवढेच होते. तिचा आवाज कापत होता. ती बोलत असताना मैसून मला धरून उभी असे आणि मध्येच ओरडे, "मोठ्यानं! मागच्यांना ऐकू येत नाही!" मागे कुणीही नसे. पण चौथ्या दिवशी खरंच मागे माणसं होती. डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या गावच्या मुली, ज्यांची नावं आमच्या घराण्यात कुणाला ठाऊक नव्हती, त्या थांबून ऐकू लागल्या. चार वाजत आले की मात्र सगळी सभा एकदम फाटकाकडे पळायची आणि भाषण तिथेच संपायचं. त्याहून चांगला प्रचार कुणाला सुचला असता?

मग वाऱ्याचा दिवस आला. कुतैबाचा फलक सगळ्यांत मोठा, छापील, त्यावर कोट घातलेला कुतैबा. दोन पाइन झाडांच्या मध्ये बांधलेला. वाऱ्यानं त्याची एक दोरी सुटली आणि फलकातला कुतैबा कमरेत वाकून सगळ्यांना सलाम करू लागला. पोरं हसायला लागली. खरा कुतैबा तावातावानं भांडारातली ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आला, झाडाला लावली आणि कोटासकट वर चढला. माळ्यानं नुकतंच पाणी घातलं होतं. एक पाय मऊ मातीत खचला, शिडी खळ्ळकन आडवी झाली आणि कुतैबा फांदीला धरून लोंबकळत राहिला.

इयासची पोरं खाली जमली. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. "पिकला रे पिकला! हलवा रे, झाड हलवा!"

"असू दे तसाच," मैसून म्हणाली, "मतमोजणी झाली की उतरवू."

पण जुमानानं मला आधीच उचललं होतं. तिनं मला झाडाखाली उभं केलं, मागचा पाय दूर सरकवून घट्ट रोवला आणि पळत वर आली.

"जुमाना, लवकर! हात सुटतोय!"

"आधी सांग, कोंबड्यांची मतं किती?"

"सगळी तुझी! आईशपथ, सगळी तुझी!"

तिनं त्याचा बूट धरून माझ्या पायरीवर टेकवला. दोघांचं वजन एकदम माझ्यावर आलं. माझा फुगलेला पाय करकरला, पण मी हलले नाही. खाली आल्यावर कुतैबानं कोट झटकला आणि हसण्याचा प्रयत्न केला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण गावागावांत पोचलं. दिवेलागणीला सालिमकाका घराण्यातल्या दोन वृद्धांना घेऊन, हातात कुनाफ्याच्या गरम मिठाईचं ताट घेऊन आमच्या अंगणात आले. कुतैबा मागे मान खाली घालून उभा. कुतैबाच्या गाडीतून परत आलेली मी भिंतीला टेकले होते.

काका गोड आवाजात म्हणाले, "जुमाना, आम्ही ठरवलंय. कुतैबा माघार घेतोय. आता तूच आमची उमेदवार. घराण्याची सगळी मतं तुला. निवडून आलीसच समज. फक्त फलकावर घराण्याचं नाव मोठं लिही, आणि परिषदेतल्या समित्यांवर आपली पोरं घे."

जुमानाच्या आईचा चेहरा उजळला. जुमाना कुतैबाकडे बघत होती. "माघार तू घेतलीस?" तिनं विचारलं.

कुतैबा बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"त्याला काय विचारतेस? जगभर हसं झालंय त्याचं," एक वृद्ध म्हणाले.

"आजोबा, वाऱ्यात कुणीही पडतं. उद्या मी पडले तर मलाही असंच बदलाल." जुमानाचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "आणि मी घराण्याच्या नावानं निवडून आले, तर बस फक्त ऐन-लोझला आणू का? पलीकडच्या मुली रोज उभ्या राहून माझं ऐकतात, त्यांना काय सांगू? कुतैबानं उभं राहावं. मीही राहीन. ज्याला जे मत द्यायचं ते देऊ दे."

"हरशील."

"हरेन."

काका ताट तसंच ठेवून निघून गेले. जुमाना माझ्या दुसऱ्या पायरीवर बसली. फिद्दा आजीनं ताटावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "रागावून गेले ते गेले, कुनाफ्यानं काय केलंय? गरम आहे तोवर खा."

मतदानाच्या दिवशी मतमोजणी मोठ्या वर्गात झाली. दारं बंद, बाहेर ही गर्दी. पण वर एक झरोका होता. मैसूननं मला भिंतीला लावलं आणि ती वर चढून झरोक्याला नाक लावून बसली. आत एक प्राध्यापक एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचत आणि दुसरे फळ्यावर रेघ मारत. मैसून वरून ओरडायची, "जुमाना! पुन्हा जुमाना! इयास... कुतैबा... जुमाना!" खालची गर्दी कधी ओरडे, कधी उसासे टाकी. इतकी माणसं मला हातांनी धरून उभी होती, की पहिल्यांदाच मला माझ्या पायांवर जोर द्यावा लागला नाही.

शेवटी मैसून गप्प झाली आणि हळूहळू खाली उतरली. इयास चौदा मतांनी जिंकला होता. जुमाना दुसरी आणि कुतैबा तिसरा. मतं फुटली होती, काकांनी सांगितलं होतं तशीच.

जुमाना गर्दीतून वाट काढत इयासकडे गेली आणि म्हणाली, "मबरूक, अभिनंदन. बस विसरू नकोस." मग ती गाडीत येऊन बसली आणि तिथे तिला रडू आवरेना. कुतैबा गाडी चालवत होता. अर्धा घाट चढल्यावर म्हणाला, "कोंबड्यांनी दगा दिला बघ." रडता रडता जुमाना अशी हसली, की तिला उचकी लागली.

घरी आजीनं तिला जवळ घेतलं. "इतकी वर्षं जैतुनाखाली काढलीस आणि एवढं कळलं नाही? एक वर्ष झाड देतं, एक वर्ष विसावतं. विसाव्याच्या वर्षी कुणी कुऱ्हाड काढतं का? त्या वर्षी छाटणी करायची, खत घालायचं."

जुमानानं ते वर्ष तसंच काढलं. इयास मुलगा चांगला होता, त्यानं बसची मागणी केलीही. पण वरच्या साहेबांनी सांगितलं, की संध्याकाळी बसायला कुणी नाही. मग जुमाना आणि मैसून एके दिवशी त्या साहेबांनाच आग्रह करून चारच्या बसमध्ये घेऊन गेल्या. साहेबांना बसायला जागा मिळाली नाही. पूर्ण घाट त्यांनी एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं कुणाची तरी परीक्षानळ्यांची पेटी धरून काढला. हे मी पाहिलं नाही. पण मैसूननं ते खुराड्यापाशी इतक्या वेळा करून दाखवलं, की पाहिल्यासारखंच आहे.

पुढच्या शरदात जुमाना पुन्हा उभी राहिली. कुतैबाचे दोन विषय राहिले होते, म्हणून तोही तिथेच होता. "तुझ्या प्रचारासाठी मुद्दाम नापास झालो," असं तो सगळ्यांना सांगे. घराण्याच्या बैठकीत त्या वर्षी कॉफी झाली, पण नाव ठरलं नाही. आणि एका सकाळी सालिमकाका एकटेच हातोडी घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी माझा फुगलेला पाय निरखला, तासून सारखा केला, त्यावर लोखंडी पट्टी ठोकली आणि सगळ्या अंगाला जैतुनाचं तेल चोळलं. जुमाना बाहेर आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "करकरत होती. लोकांसमोर चांगलं दिसत नाही."

या खेपेस मतमोजणीच्या झरोक्याशी कुतैबा चढला. जुमानाच्या नावापुढे रेघा इतक्या झाल्या, की दुसऱ्या प्राध्यापकांना फळ्याचा एक कोपरा पुसून जागा करावी लागली. निकाल लागला तेव्हा कुतैबा वर असल्याचं विसरून नाचला. मित्रांनो, कुणी पडलं नाही. माशाल्ला म्हणा.

बस सुरू व्हायला वसंत उजाडला. साहेबांच्या सह्या आमच्या डोंगरांसारख्याच, एकीमागे एक. शेवटी एका सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पहिली बस निघाली. मी निवडणुकीपासून परिषदेच्या खोलीमागे पडून होते. जुमानानं चालकाला विचारलं, "हिला वर बांधू का? हीसुद्धा आमच्या गावचीच आहे." त्यानं मला टपावर बांधलं. खाली बसमधून प्रयोगांच्या, परीक्षांच्या, कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा वर येत होत्या. मग चढ लागला आणि आवाज कमी कमी झाले, कारण अर्ध्या मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. गावागावात बस थांबे, एकेक मुलगी उतरे, दारात कुणीतरी उभं असे. ज्या गावांची नावं मला माहीत नव्हती, तिथेही बस थांबली.

ऐन-लोझच्या थांब्यावर फिद्दा आजी शाल पांघरून उभी होती. जुमाना उतरताच तिनं आधी टपाकडे पाहिलं. "आणलीस का गं? मला वाटलं, तुझ्याबरोबर हिलाही निवडून ठेवून घेतलं."

आता मी खुराड्याला टेकत नाही, घरात ओसरीवर असते. पांढऱ्या कोंबडीला हे पटलेलं नाही. जुमाना शहरात नोकरी करते आणि जैतुनाच्या दिवसांत रजा काढून येते.

जाता जाता तुमच्याकडे दोन गोष्टी मागते, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड असेल तर त्याला पावसात टाकू नका. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवलात, तर ते तुमच्या नातवंडांचंही वजन पेलेल. आणि कधी कुणी, हात-पाय कापत असतानाही, सगळ्यांसाठी काही मागायला वर चढलं, तर खालून झाड हलवू नका. पुढे व्हा आणि शिडी धरा. ती धरायला ताकद फारशी लागत नाही. वरचं माणूस उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही, एवढंच लागतं.